एलडीएल शंभर, पण कण किती?

मधुमेह असलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे, कोलेस्टेरॉलही नॉर्मल आहे, मग हार्टची काळजी कशाला?’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि हृदयविकार हे मधुमेहींच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे हे वाक्य तपासून पाहायला हवे. त्यातला ‘नॉर्मल’ हा शब्द तर विशेष बारकाईने.

समजा, बारा वर्षे मधुमेह असलेल्या एका गृहस्थांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, असा आला : एकूण कोलेस्टेरॉल १८२, एचडीएल (‘चांगले कोलेस्टेरॉल’) ३४, ट्रायग्लिसराइड (चरबीचा दुसरा प्रकार) २४० आणि एलडीएल १००, सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. कागदावर ठळक अक्षरांत उमटतात ते फक्त ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल; ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते एलडीएल निमूटपणे मर्यादेत बसते. मात्र अनेक प्रयोगशाळांत हा शंभराचा आकडा मोजलेला नसतो, तर १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी सुचवलेल्या सूत्राने काढलेला असतो. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचे (४८), आणि ते व एचडीएल एकूण कोलेस्टेरॉलमधून वजा करायचे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरूच नये असे सांगितले जाते, आणि त्याखालीही ते जसजसे वाढते तसतसा हिशेब कच्चा होत जातो. म्हणजे ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त असते अशा मधुमेहींच्याच बाबतीत तो सर्वांत लंगडा पडतो. पण हा दोष किरकोळ म्हणावा, अशी खरी अडचण पुढे आहे, आणि एलडीएल थेट यंत्रावर मोजले तरी ती सुटत नाही.

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड रक्तात विरघळत नाहीत, म्हणून यकृत ती प्रथिनांच्या साहाय्याने सूक्ष्म कणांत बांधून रक्तात सोडते. या व्हीएलडीएल नावाच्या कणांतले ट्रायग्लिसराइड वाटेत स्नायू आणि मेदपेशी काढून घेतात आणि कण आक्रसत आक्रसत एलडीएल बनतो. निरोगी माणसात इन्शुलिन मेदपेशींना मेदाम्ले बाहेर सोडण्यापासून रोखते. टाइप २ मधुमेहात पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे येतो आणि यकृत ट्रायग्लिसराइडने गच्च भरलेले मोठे व्हीएलडीएल कण मोठ्या प्रमाणात बाहेर टाकू लागते. हे फक्त लठ्ठ माणसांतच घडते असे समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती.

आता या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. रक्तात सीईटीपी नावाचे एक प्रथिन असते आणि ते निरनिराळ्या कणांमध्ये अदलाबदल घडवून आणते : व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड एलडीएलला द्यायचे आणि एलडीएलमधले कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलकडे न्यायचे. व्हीएलडीएलची गर्दी झाली की हा व्यवहार जोरात चालतो आणि एलडीएल कणाच्या पोटात कोलेस्टेरॉलऐवजी ट्रायग्लिसराइड भरत जाते. असा कण यकृतातून जाताना तिथले लायपेज हे विकर ते ट्रायग्लिसराइड तोडून टाकते. कोलेस्टेरॉल आधीच गेलेले, ट्रायग्लिसराइडही गेले, आणि उरतो तो लहान, घट्ट, दरिद्री एलडीएल कण. एचडीएलवरही हीच वेळ येते; लहान झालेले त्याचे कण रक्तातून लवकर नाहीसे होतात. आपल्या गृहस्थांचे एचडीएल ३४ का आणि ट्रायग्लिसराइड २४० का, याचे उत्तर एकाच साखळीत मिळते.

थोडी शाळेतली भूमिती करू. एलडीएल कणाचा व्यास २७ नॅनोमीटरवरून २५ वर आला आणि बाहेरचे कवच सुमारे २ नॅनोमीटर जाडीचे धरले, तर आतल्या गाभ्याची त्रिज्या ११.५ वरून १०.५ होते आणि घनफळ जवळपास चतुर्थांशाने घटते. म्हणजे तेवढेच कोलेस्टेरॉल वाहून न्यायला सुमारे तीस टक्के अधिक कण लागतात, आणि गाभ्यात ट्रायग्लिसराइडने जागा अडवली असेल तर त्याहूनही जास्त. एलडीएलचा आकडा म्हणजे मोंढ्यात आलेल्या मालाचे क्विंटलमधले वजन आहे. पोती किती आली, हे त्यावरून कळत नाही.

आणि धमनीला मतलब असतो तो पोत्यांशी. या प्रत्येक कणाभोवती अ‍ॅपो-बी हे साडेचार हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे एक प्रचंड प्रथिन गुंडाळलेले असते आणि धमनीच्या आतल्या थरातील प्रोटिओग्लायकन रेणूंना कण चिकटतात ते त्याच्याच काही भागांमुळे. जितके कण भिंतीत शिरतील तितके अधिक अडकतील, आणि तिथूनच ब्लॉकेजची गाठ धरू लागते. एका कणावर अ‍ॅपो-बीचा नेमका एकच रेणू असल्यामुळे रक्तातले अ‍ॅपो-बी मोजणे म्हणजे थेट कणांची गणती करणे होय.

ही निव्वळ कल्पना नाही. २०२२ च्या ‘प्रॉमिनंट’ चाचणीत दहा हजारांहून अधिक मधुमेहींपैकी निम्म्यांना पेमाफायब्रेट हे औषध दिले गेले. त्यांचे ट्रायग्लिसराइड चांगलेच उतरले, रिपोर्ट सुधारले, पण अ‍ॅपो-बी उतरण्याऐवजी किंचित वाढले आणि हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. उलट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्स’ चाचणीत फारसे एलडीएल नसलेल्या, आधी हृदयविकार न झालेल्या २,८३८ मधुमेहींत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या औषधाच्या रोजच्या १० मिलिग्रॅम गोळीने हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. स्टॅटिनमुळे यकृत रक्तातले कणच उचलून घेते.

अ‍ॅपो-बीची चाचणी अजून सर्रास केली जात नाही आणि तिचे वेगळे पैसे पडतात. तोवर एक गणित फुकटात करता येते : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे. आपल्या गृहस्थांचे हे ‘नॉन-एचडीएल’, म्हणजे अ‍ॅपो-बी असलेल्या सर्व कणांतले मिळून कोलेस्टेरॉल, १४८ येते. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा वर्षांहून जुना मधुमेह असलेल्यांचे नॉन-एचडीएल १०० च्या आणि अ‍ॅपो-बी ८० च्या खाली हवे. शंभराचे एलडीएल पाहून निर्धास्त झालेल्या माणसाला १४८ दिसले, तर तो डॉक्टरांना वेगळा प्रश्न विचारेल. शिवाय चाचणीआधी जेवल्याने नॉन-एचडीएल आणि अ‍ॅपो-बी या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. औषध सुरू करायचे की नाही आणि किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगर उकळून त्यात मध घालून केलेला ‘ब्लॉकेज वितळवणारा’ काढा व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो ब्लॉकेज वितळवतो याला पुरावा नाही आणि मधुमेह्याला रोज मध पाजणारे हे शहाणपण अजबच म्हणायचे.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेबद्दल, म्हणजे एचबीए१सीबद्दल, एवढेच सांगतो की डोळे आणि मूत्रपिंडे वाचवण्यासाठी तिचे महत्त्व वादातीत आहे, पण हृदयाची हमी ती एकटी देत नाही. ती ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा आक्रमक प्रयत्न करणारा ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीतला उपचार, त्या गटात मृत्यू जास्त झाल्यामुळे २००८ मध्ये थांबवावा लागला.

आणखी दोन चाचण्या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एलपी-ए हा एलडीएलसारखाच, पण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक कण आहे. आहार-व्यायामाने तो फारसा हलत नाही, म्हणून भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये तो आयुष्यात किमान एकदा मोजण्याची शिफारस केली. दुसरी एनटी-प्रोबीएनपी. ती धमन्यांविषयी नव्हे, तर हृदयाच्या स्नायूवर पडणाऱ्या ताणाविषयी सांगते आणि मधुमेहात हळूहळू येणारे हार्ट फेल्युअर लक्षणांच्या आधी पकडायला उपयोगी पडते. लठ्ठ व्यक्तींत मात्र ती मुळातच कमी येते आणि मूत्रपिंड बिघडले की वाढते, त्यामुळे तिचा आकडा वजन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.