कोल्हापुरी चप्पल : चामडे, हत्यारे आणि बांधणी

कोल्हापुरी चप्पल म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्याची, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने (दोऱ्यासारख्या बारीक पट्टीने) शिवलेली उघडी चप्पल. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राकडून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाकडून डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ या दोन संस्थांकडे ते संयुक्तपणे आहे. कोल्हापुरातील सुभाषनगर व जवाहरनगर, कागल तालुक्यातील कापशी, सीमेपलीकडे निपाणी व अथणी ही कामाची नावाजलेली ठिकाणे. कातडे कमावण्याचे काम पूर्वापार ढोर-कक्कय्या समाजाने केले आणि चप्पल बांधण्याचे चर्मकार समाजाने. तळ कापणे-शिवणे बहुधा पुरुष करतात, तर वेण्या, ठसे आणि पट्ट्यांचे नाजूक काम घरातल्या स्त्रियांच्या हातचे असते. किंमत मात्र अजूनही तळाच्या जाडीवरून सांगितली जाते आणि या नाजूक कामाचा मोबदला त्यात बुडतो.

खिळा नाही, त्यामुळे चपलेची सगळी ताकद चामड्याच्या तंतूंवर उभी राहते. चामडे कुठल्या भागातले, ते कोणत्या दिशेने कापले आणि काम करताना किती ओले होते, या तीन गोष्टींवर जोड टिकणार की सुटणार हे ठरते. नवशिक्याच्या बहुतेक चुका यांपैकीच एका ठिकाणी होतात.

कमावणे : मीठ लावलेले कातडे धुऊन साधारण आठवडाभर चुन्याच्या पाण्यात ठेवतात. केसांची मुळे सैल झाली की बोथट सुरीने केस आणि आतल्या बाजूचे मांस खरवडतात. यानंतरची धुलाई कंटाळवाणी वाटते, पण ती टाळता येत नाही. राहिलेला चुना टॅनिनशी (सालीतल्या, चामडे कमावणाऱ्या तुरट द्रव्याशी) संयोग पावतो, वरच्या पदरावर काळपट डाग पडतात आणि तो पदर ठिसूळ होतो. पुढे बाभळीच्या सालीचे पाणी दिले जाते, आधी फिके आणि मग हळूहळू कडक. सुरुवातीलाच कडक पाणी दिले तर बाहेरचे पदर झटकन कमावले जातात, आत जायची वाट बंद होते आणि गाभा कच्चा राहतो. शेवटच्या टप्प्यात कातड्याची पिशवी शिवून ती टांगतात व आत साल, हिरडा आणि पाणी भरतात. पाणी कातड्यातून झिरपत खाली येते, ते पुन्हा वर ओततात. मग पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरचा भागही तितकाच मुरतो. एकूण महिना-दीड महिना जातो. बाभळीने चामड्याला घट्टपणा आणि तांबूस रंग येतो, हिरड्याने रंग उजळ होतो आणि चामडे भरते. विकत घेताना कडेचा पातळ काप काढून पाहावा. आरपार एकच रंग दिसला तर चामडे मुरले आहे. मध्ये फिकी, वाळल्यावर टणक व अर्धपारदर्शक होणारी रेघ दिसली तर ते चामडे तळाला वापरू नये. पाण्यात फुगून आणि उन्हात आक्रसून ते टाके तोडते.

हत्यारे : रापी (चामडे कापायची व तासायची सुरी), आरी, टोचा, हातोडा, ठोकायला दगड किंवा लोखंडी तिपाई, कापायला लाकडी पाट, पाण्याची कुंडी, नक्षीचे ठसे आणि छिद्रे पाडायचे पंच. इतक्यात पूर्ण चप्पल होते. रापीची धार हा निम्मा धंदा आहे. बारीक दगडावर एकाच कोनात धार काढून ती चामड्याच्या पट्टीवर उलटी ओढावी, म्हणजे कडेला राहिलेला लोखंडाचा बारीक कीस निघतो. कागद सरळ, न फाटता कापला गेला तर धार ठीक. बोथट रापी चामडे कापत नाही, दाबत पुढे सरकते, त्यामुळे कड तिरकी येते आणि जोर लावताना हात सुटून जखम होते. रापी पुढे ढकलायचे हत्यार आहे, म्हणून दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवायचा. आरीला टोकाजवळ खाच असते, तिने वादी ओढून घेता येते. टोच्याला ती नसते, त्याने फक्त भोक पाडायचे.

ओल्या चामड्याला गंजके किंवा ओले लोखंड लागू देऊ नये. टॅनिन आणि लोह मिळून काळी शाई तयार होते, त्यामुळे गंजका हातोडा, ओली रापी किंवा लोखंडी घमेल्यातले पाणी यांचे निळे-काळे डाग उठतात आणि ते पॉलिशने झाकले जात नाहीत. कुंडी दगडाची, मातीची किंवा प्लास्टिकची असावी. हत्यारे पुसून, किंचित तेलाचा हात देऊन ठेवावीत. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने उतरतो. जुन्या डागाला ऑक्झॅलिक आम्लाचे दोन-तीन टक्क्यांचे द्रावण बोळ्याने लावून लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि मुलांपासून दूर ठेवावे.

कापणी : तळाला म्हैस-रेड्याचे जाड चामडे, पट्ट्यांना व वेणीला शेळीचे पातळ. जमिनीकडचा तळ ४ ते ६ मिमी, पायाखालचा वरचा तळ सुमारे ३ मिमी आणि पट्टीचे चामडे १ मिमीच्या आसपास असले की चप्पल बेताची होते. पाठीचा मागचा भाग सर्वांत घट्ट असतो, तो तळाला आणि कानांना (पट्टी धरणाऱ्या, बाजूच्या तुकड्यांना) राखून ठेवावा. मानेच्या भागाला सुरकुत्या असतात, तो टाचेच्या आतल्या थरांना चालतो. पोटाचे चामडे सैल असते आणि ओढले की वाढते. ते पट्टीला वापरले तर पंधरा दिवसांत चप्पल ढिली पडते. पट्टी नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावी, त्या दिशेला चामडे कमी ताणले जाते. दोन्ही पायांचे तुकडे कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना समोरासमोरच्या जागेवरून घ्यावेत. एक तळ पाठीचा आणि दुसरा मानेचा असला, तर एकच चप्पल लवकर झिजते आणि गिऱ्हाईक ‘पाय वाकडा पडतो’ अशी तक्रार घेऊन येते.

ओलावा : तळाचा तुकडा पाण्यात बुडवला की हवेचे बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत ठेवून काढावा, निथळवून ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवावा, म्हणजे पाणी सगळीकडे सारखे जिरते. सकाळी चामडे हाताला गार लागते पण दाबल्यावर पाणी सुटत नाही. ठोकायची वेळ हीच. दगडावर ठेवून गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने मधून कडेकडे ठोकत जावे. तंतू दबून एकमेकांत बसतात, तळ जरा पातळ पण पुष्कळ घट्ट होतो आणि झीज कमी होते. कोरडे ठोकले तर वरचा पदर तडकतो. पाणी सुटण्याइतके ओले ठोकले तर चामडे पसरते आणि वाळताना पुन्हा सैल होते. वाळवणे सावलीत आणि वाऱ्यावर. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला कायमचे आक्रसते. चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवलेला तळ म्हणूनच वाकडा आणि कडक होतो. त्यावर उपाय नाही, तुकडा वाया जातो.

बांधणी : वरचा तळ, खालचा तळ, टाचेचे थर, दोन बाजूंचे कान, पायावरची पट्टी आणि अंगठा (पायाचा अंगठा अडकवायचे कडे) हे मुख्य भाग. कान दोन तळांच्या मध्ये घालून शिवतात आणि सगळा ताण त्यांच्यावर येतो. मोडलेल्या चपला पाहिल्या तर कान उपसून आलेलेच जास्त सापडतात. कारणे ठरलेली आहेत. कान आत जेमतेम सेंटिमीटरभर गेलेला असतो, किंवा टाके अगदी कडेला घेतलेले असतात, किंवा कानाचा तुकडा पोटाच्या चामड्याचा असतो. कान निदान २ सेंमी आत जावा. त्याची आतली कड रापीने उतरती तासावी, नाही तर पायाखाली उंचवटा लागतो. तासताना एकदम खोल जाऊ नये. टाक्याच्या जागी मूळ जाडीच्या निम्म्याहून कमी चामडे उरले तर तेथूनच फाटते.

थर जागेवर राहावेत म्हणून मध्ये खळ किंवा हल्ली सोल्युशन (चपला चिकटवायचा तयार गोंद) लावतात. ते तात्पुरत्या पकडीसाठीच असते, जोड टाक्यांनी टिकतो. नुसत्या सोल्युशनवर सोडलेली टाच पहिल्या पावसात उघडते.

वादी करण्यासाठी चामड्याचा गोल तुकडा घेऊन कडेपासून आत, एकाच रुंदीने गोल गोल कापत जातात. लांब सलग पट्टी निघते. ती भिजवून, ताणून, टोक निमुळते करून मेण चोळतात. भोके कडेपासून ५-६ मिमी आत आणि एकमेकांपासून ६ ते ८ मिमीवर असावीत. जवळजवळ टाके म्हणजे मजबूत शिवण ही समजूत चुकीची आहे. भोके दाटीने पडली की तळ त्या रेषेवर सहज फाटतो. भोक वादीपेक्षा किंचित लहान हवे आणि वादी ओली असतानाच ओढून बसवायची. वाळताना ती आवळते आणि भोक भरून टाका घट्ट धरते. कोरड्या वादीने घातलेला टाका आज कितीही ताठ दिसला तरी आठवड्यात सैल होतो. टोचा तळाला काटकोनात धरावा. तिरका गेला तर वरची ओळ सरळ आणि खालची नागमोडी येते, कुठे कुठे कडेतून बाहेर फुटते. जमिनीकडच्या बाजूला रापीच्या टोकाने उथळ चीर पाडून टाके तीत बसवावेत. वर राहिलेले टाके फरशीवर घासून आधी तुटतात.

पट्टी बसवताना पाय प्रत्यक्ष तळावर ठेवून बघावा, आणि पट्टी दमट असावी. पहिल्या दिवशी ती अंमळ आवळ वाटली पाहिजे, कारण वापराने सैलावतेच. अंगठ्याचे भोक मात्र आवळ ठेवू नये. तेथे चावलेली चप्पल माणूस पुन्हा पायात घालत नाही.

वेणी आणि ठसे : वेणीच्या बारीक वाद्या दोन-तीन मिमीच्या, सगळ्या एका रुंदीच्या आणि दमट असाव्यात. वेणी घट्ट आवळून घातली तर वाळल्यावर पट्टीला ओढून मुरड पाडते. ठसा उमटवायला चामडे पुसटसे ओले करून थांबावे. ओलाव्याने गडद झालेला रंग पुन्हा उजळू लागला की ठोकावे. त्याआधी ठोकलेला ठसा बुजतो, उशिरा ठोकलेला उमटतच नाही. एका ठशाला एकच नेमका घाव द्यावा, दुसऱ्या घावाला ठसा हलतो. शिकणाऱ्याने ही कामे उरलेल्या तुकड्यांवर करावीत, कारण तयार पट्टीवर चुकलेला ठसा पुसता येत नाही.

तेल : चामडे पूर्ण वाळण्याआधी, थोडी ओल असतानाच, तेल बोळ्याने पातळ लावावे. पाणी उडत जाते तसे तेल तंतूंमध्ये शिरते. एरंडेल चांगले, ते सुकून चिकट पापुद्रा धरत नाही. जवसाचे तेल तसा पापुद्रा धरते, म्हणून टाळावे. भरपूर तेल पाजले की चप्पल मऊ होते, पण तंतू सुटतात, तळ बसतो आणि त्यावर पुढे सोल्युशनही धरत नाही.

आवाज : चालताना करकर वाजणारी चप्पल ही पैलवानी हौस. त्यासाठी तळांच्या थरांत जी योजना करतात तिला ‘विंचू’ म्हणतात. आवाज कोरड्या थरांच्या घासण्यातून येतो, म्हणून तेलाने भिजलेली किंवा ओलसर चप्पल वाजत नाही.

आजचे चामडे : गाय-बैलाच्या जाड कातड्याचा पुरवठा, विशेषतः महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यानंतर, घटला. कारागीर म्हशीच्या आणि तमिळनाडूतून येणाऱ्या तयार चामड्याकडे वळले. बाजारात क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या चामड्याच्या आणि रेक्झिनच्या चपलाही याच नावाने विकल्या जातात. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर-राखाडी असते. ते ठसा धरत नाही आणि ठोकून घट्टही होत नाही, त्यामुळे खिळ्याशिवाय केलेल्या या बांधणीला ते निरुपयोगी आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने याच घाटाच्या चपला मूळ न सांगता मांडल्या. टीकेनंतर कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. त्या चर्चेत घाट गाजला, कमावणाऱ्या हातांचा मात्र फारसा उल्लेख झाला नाही, आणि हा मोठा अन्याय आहे.

निगा व दुरुस्ती : नवी चप्पल पहिले काही दिवस तास-दोन तासच घालावी. जेथे चावते तेथे पट्टीच्या आतल्या बाजूला एरंडेलाचे बोट फिरवावे. पावसात ती घालू नये. भिजलीच तर चिखल ओल्या फडक्याने पुसून, आत कागदाचे बोळे घालून, उभी करून सावलीत वाळवावी. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की बुरशी धरते, त्यापेक्षा सुती फडक्यात ठेवावी. आलेली बुरशी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी आणि मग स्पिरिटने पुसावी. टाच एका बाजूने ३-४ मिमी झिजली की लगेच नवा थर बसवून घ्यावा. झीज वादीपर्यंत पोचली तर एका टाक्यामागे शेजारचेही सुटू लागतात. दुरुस्ती करणारा खिळे ठोकू लागला तर त्याला थांबवून वादीनेच शिवायला सांगावे. खिळ्याचे लोखंड ओल लागताच चामडे काळे करून कुजवते, आणि भोक मोठे होत जाऊन काही महिन्यांत तो खिळाच पायाला लागू लागतो.