‘नवबौद्ध’ : एका सरकारी शब्दाची पार्श्वभूमी

विदर्भातील कोणत्याही तालुक्यात जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रावर अर्ज करणाऱ्या, सरकारी भाषेत ‘नवबौद्ध’ म्हटल्या जाणाऱ्या बौद्ध कुटुंबाला स्वतःचा धर्म सांगून भागत नाही; त्याला आजोबांची किंवा पणजोबांची जात सिद्ध करावी लागते. अनुसूचित जातींसाठी वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा साधारणपणे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागितला जातो, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात दिलेली बौद्ध धर्माची दीक्षा तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. त्यामुळे ग्राह्य धरल्या जाणाऱ्या जुन्या कागदावर ‘बौद्ध’ हा शब्द सापडण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा मिळाला नाही, तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढावी लागते. गावातील जन्म-मृत्यूची वर्दी देणारा कोतवाल जुन्या मध्यप्रांतातील अनेक गावांत महार समाजाचाच असे. ज्या गावकामापासून मोकळे होण्यासाठी एका पिढीने धर्म बदलला, त्याच गावकामाच्या नावाचे पुस्तक नातवाच्या शिक्षणासाठी पुन्हा उघडावे लागते, हा या विषयाचा पहिला पेच आहे.

दूरच्या भूतकाळाबद्दल येथे थोडक्यातच लिहिणे योग्य ठरेल. तेराव्या शतकात रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र झाले. संत चोखामेळ्याचे जन्मगाव म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजाकडे बोट दाखवले जाते. पवनी येथील स्तूपांचे अवशेष १९६९-७० च्या उत्खननात बाहेर आले. ‘आम्ही मुळात बौद्धच होतो’ या म्हणण्याला भंडारा जिल्ह्यात असा जमिनीतला आधार मिळाला खरा. परंतु तो दीक्षेनंतर तेरा वर्षांनी मिळाला, दीक्षेचे कारण म्हणून नव्हे.

कारणे अलीकडची आणि बरीचशी कापसाशी निगडित आहेत. नागपूर-वऱ्हाडातील महार समाजात विणकाम पूर्वीपासून होते. पुढे नागपूरच्या कापडगिरण्या आणि गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंगमुळे बलुत्याबाहेरची रोख मजुरी काहींच्या हाती आली. गावकीवर पूर्णपणे अवलंबून नसलेला हा वर्ग शाळा, वसतिगृहे आणि परिषदा उभारू शकला. १९२७ साली अमरावतीत अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, तोही याच वातावरणात. मंदिर उघडावे या मागणीपासून ते मंदिरच नको या निर्णयापर्यंतचा प्रवास पुढच्या तीस वर्षांत पूर्ण झाला.

नागपूरची दीक्षा झाली तेव्हा ते शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे अडीच आठवड्यांनी, अमलात आली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपुरातही दीक्षा झाली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७.९ लाख झाली. दहा वर्षांत धर्माच्या रकान्यात एवढी उलथापालथ झाल्याचे उदाहरण या राज्यात दुसरे नाही.

त्यानंतर जे घडले त्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नव्हती; अपवाद होता तो शिखांमधील मोजक्या जातींचा. सप्टेंबर १९५६ मध्ये संसदेने हा अपवाद वाढवून सर्व शीख अनुसूचित जातींना सामावून घेतले. पुढच्याच महिन्यात लाखो लोक बौद्ध झाले आणि त्यांच्यासाठी तसे काहीही झाले नाही. अस्पृश्यता हिंदू समाजव्यवस्थेतून येते, म्हणून त्या धर्माबाहेर गेलेल्याला तिच्यावरील उपाय नको, असा त्यामागचा युक्तिवाद होता. दीक्षा घेतली म्हणून गावातल्या विहिरीवरची वागणूक दुसऱ्या दिवशी बदलली नाही, हे विदर्भातील कोणताही शेतमजूर सांगू शकला असता. पण त्याला विचारले गेले नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने शिक्षण आणि नोकरीतील सवलती बौद्धांना स्वतःच्या अधिकारात दिल्या. त्या राज्यापुरत्याच होत्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा त्यात येत नव्हत्या. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवरून निवडून आलेल्या एका उमेदवाराचे प्रकरण नागपुरातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने १९६४ मध्ये लावला, उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारल्याचे सिद्ध धरले आणि त्याची निवड रद्द ठरली. या निकालाचा व्यावहारिक अर्थ असा निघाला, की ज्याने मनाशी धर्म बदलला पण जाहीर केला नाही त्याला जागा मिळेल, आणि ज्याने चारचौघांत दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्याला मिळणार नाही. प्रामाणिकपणाचा दंड म्हणावा, अशी ही व्यवस्था सव्वीस वर्षे चालली.

याच काळात दुसऱ्या कायद्यांचे उत्तर वेगळे होते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू होतात. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या एका स्पष्टीकरणातही धार्मिक संस्थांतील सुधारणेपुरते बौद्ध, जैन आणि शीख यांना ‘हिंदू’ या शब्दात धरले आहे. म्हणजे विहारात बुद्धमूर्तीसमोर झालेले लग्न हिंदू कायद्याने पाहिले जाई, शेताची वाटणी हिंदू कायद्याने होई, आणि राखीव जागेचा अर्ज मात्र ‘हिंदू नाही’ म्हणून फेटाळला जाई. जेथे काही द्यावे लागत नव्हते तेथे शासनाने बौद्धांना आपलेसे केले, आणि जेथे वाटा द्यावा लागत होता तेथे परके ठरवले, असे कोणी म्हटल्यास त्याला खोडून काढणे अवघड आहे.

१९९० मध्ये, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९५० च्या आदेशाच्या त्याच तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द घालण्यात आला. त्याचा परिणाम जनगणनेत दिसतो : महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७.१ टक्के होते, ते १९९१ मध्ये ११.१ टक्के झाले. ही वाढ मुख्यतः जन्मदराची नाही. पूर्वी मोजले न गेलेले लोक मोजले गेले, एवढाच तिचा अर्थ. राखीव जागांची संख्या लोकसंख्येवरून ठरत असल्यामुळे आधीच्या दशकांत न मोजलेल्यांचा तोटा केवळ सांख्यिकी नव्हता. पुढे १९९३ मध्ये बौद्धांना केंद्राने अल्पसंख्याक म्हणूनही अधिसूचित केले, त्यामुळे एकच कुटुंब विवाहासाठी हिंदू, योजनांसाठी अल्पसंख्याक आणि दाखल्यासाठी अनुसूचित जाती अशा तीन ठिकाणी नोंदले जाऊ लागले.

‘नवबौद्ध’ हा शब्द या गुंत्यातून वाट काढण्यासाठी कार्यालयांना सोयीचा वाटला असावा. दीक्षेच्या आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना बाबासाहेबांनी ‘नवयान’, म्हणजे बौद्ध धर्माचा नवा मार्ग, या अर्थाचा उल्लेख केल्याचे सांगितले जाते. पण तो विचारपद्धतीविषयी होता, माणसांविषयी नव्हे. शासनाच्या योजनांच्या शीर्षकात मात्र ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटक’ ही जोडी पक्की झाली. तिसऱ्या-चौथ्या पिढीला ‘नव’ म्हणणे अनेकांना खटकते, कारण लडाखमधल्या बौद्धाला तसे कोणी म्हणत नाही. तो उपसर्ग प्रत्यक्षात ‘पूर्वी कोण होता’ एवढेच सांगतो. वस्त्यांच्या नावांचेही तसेच झाले. डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘महारवाडा’ याच्याबरोबर ‘बौद्धवाडा’ हेही बदलायच्या नावांत आले. जातीचे नाव टाकून घेतलेले धर्माचे नाव सत्तर वर्षेही पुरी होण्याआधी जातीचे ठरले, ही बाब फारशी कोणी चर्चिली नाही.

आदिवासींच्या बाबतीत नियम निराळा आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. गडचिरोलीतील गोंड ख्रिस्ती झाला तरी जमातीतच राहतो. धर्मांतरितांना जमातीच्या यादीतून वगळावे, अशी मागणी अलीकडे जोर धरते आहे. उलट दिशेने, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिमांनाही अनुसूचित जातींच्या यादीत घ्यावे, अशी शिफारस २००७ मध्ये एका आयोगाने केली होती. त्यावर निर्णय न होता २०२२ मध्ये त्याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला गेला.

२०२७ च्या जनगणनेत सर्वांचीच जात नोंदवली जाणार असल्याने जुना वाद पुन्हा वर आला आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहावे याबद्दल दुमत नाही. जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’च लिहावे, असे एका बाजूचे म्हणणे आहे, कारण अन्यथा दीक्षेला अर्थ उरत नाही, दुसरी बाजू पूर्वाश्रमीची जात लिहा म्हणते, कारण राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीतील नोंद ‘महार, मेहरा, तराळ, धेगू-मेगू’ अशी आहे आणि ‘बौद्ध’ या नावाची जात त्या यादीत नाही.