मॉरिशसचा रुपया आणि आपला रुपया

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतले काका-काकू दिवाळीत लेक-जावयासोबत मॉरिशसला निघालेत. परवा खर्चाचा कागद घेऊन काका माझ्याकडे आले. पहिलीच ओळ: ‘जेवण, माणशी 600 रुपये.’ मी विचारलं, ‘काका, कुठले रुपये?’

इथेच सगळा घोळ आहे. मॉरिशसच्या चलनाचं नावही रुपयाच. 1876 च्या कायद्याने तो आला तेव्हा आपल्या रुपयाच्या बरोबरीचा होता. 1934 मध्ये त्याचा दर ब्रिटिश पौंडाला बांधला गेला. आज तिथला एक रुपया म्हणजे आपले साधारण पावणेदोन ते दोन. मी हिशेबाला सरळ दुप्पट धरते, मग ऐनवेळी धावपळ होत नाही. काकांचंच बघा ना, त्यांचे 600 मॉरिशसचे होते: चार माणसं, दोन वेळची जेवणं, पाच दिवस. कागदावर 24,000 होते, खिशातून जवळपास 48,000 जाणार. शिवाय तिथे 15 टक्के व्हॅट आहे. मेन्यूतल्या दरात तो धरलाय का, हे ऑर्डर देण्याआधीच विचारावं.

कार्ड काढलं की दोन्ही रुपये समोरासमोर येतात. गेल्या वर्षी ग्रां बेच्या एका दुकानात मशीनवर दोन पर्याय आले, आयएनआर म्हणजे आपला रुपया आणि एमयूआर म्हणजे मॉरिशसचा. मी वाचेपर्यंत दुकानदाराने आयएनआर दाबलंसुद्धा. आपल्या रुपयात आकडा दिसला की बरं वाटतं, पण तो दर मशीनवाले स्वतःचं मार्जिन लावून ठरवतात. एमयूआर निवडलं तर दर कार्ड नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) लागतो, वर आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे जादा आकार, आणि त्यावर जीएसटी. बहुतेक वेळा हेच स्वस्त पडतं. म्हणून मशीन आपल्या हातात घ्या, एमयूआर स्वतः दाबा आणि पावती बघूनच निघा.

यूपीआय तिथे 12 फेब्रुवारी 2024 ला सुरू झालं, पण सगळीकडे चालेलच असं नाही. निघण्याआधी ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवायचे. किरकोळ खर्चाला डॉलर किंवा युरो न्यायचे आणि तिथे बदलून घ्यायचे.

मग आम्ही कागद पुन्हा लिहायला बसलो. प्रत्येक आकड्यापुढे ‘मॉ’ किंवा ‘भा’. इल ओ सेर्फ बेटावर नेणाऱ्या बोटीच्या ओळीपाशी काका थांबले. एजंटने व्हॉट्सॲपवर नुसतं ‘2,000 रुपये’ लिहिलं होतं. काकांनी तिथूनच त्याला फोन लावला.