इंजिन मागे, रेडिएटर पुढे

फोक्सवॅगनची टी3 व्हॅन 1979 साली आली तेव्हा तिचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. 1982 मध्ये कंपनीने त्या जागी पाण्यावर थंड होणारं चार सिलिंडरचं आडवं इंजिन आणलं, त्याचं नाव ‘वासरबॉक्सर’. इंजिन मागेच राहिलं, रेडिएटर मात्र गाडीच्या नाकाशी गेला. त्यामुळे कूलंटला ओटा, फ्रिज, पलंग असा वेस्टफालिया या कॅम्पर बनवणाऱ्या कंपनीने बसवलेला सगळा संसार ओलांडून, गाडीच्या पोटाखालच्या दोन लांब नळ्यांतून ये-जा करावी लागते. या फेऱ्यात एकूण सुमारे 17 लिटर कूलंट मावतं. छोट्या मोटारीचं पाच-सहा लिटरांत भागतं.

चाळिशीतल्या अशा कॅम्परचा तापमानाचा काटा चढू लागला की लोक आधी नवा वॉटर पंप मागवतात. त्याआधी काटा नेमका कधी चढतो हे बघणं फुकटात होतं. सिग्नलला उभी असताना गाडी हीट पकडते आणि पळू लागली की निवते, तर रेडिएटरचा पंखा किंवा ताप वाढल्यावर तो चालू करणारा थर्मोस्विच बघा. उलट सपाटीवर ठीक आणि लांब चढावर गरम, म्हणजे बहुधा रेडिएटर आतून चोंदलाय. इंजिन तापलंय पण पुढचा रेडिएटर हाताला गारच लागतोय, असं असेल तर दोन संशयित उरतात. एक थर्मोस्टॅट, म्हणजे गरम कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, जी साधारण 87 अंशांना उघडायला हवी. दुसरी अडकलेली हवा. या गाडीत माझा संशय आधी हवेवर जातो.

वॉटर पंपाची पाती द्रवाला कडेला फेकतात आणि त्या जोरावर प्रवाह चालतो. हवेला वजनच नसल्यासारखं, त्यामुळे पात्यांत हवा शिरली की ती जागच्या जागी घुमत राहते. लांब नळ्यांत बुडबुडे दडायला जागा भरपूर, आणि ते शेवटी रेडिएटरच्या माथ्यावर साचतात. म्हणून कूलंट भरताना गाडीचं तोंड जॅकवर उचलतात, इंजिन 2000 आरपीएमच्या आसपास ठेवतात आणि रेडिएटरच्या वरचा स्क्रू सैल करतात. आधी नुसता फसफसाट होतो, मग थुंकल्यागत थेंब उडतात. अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा. घाई केली की हेच काम परत करावं लागतं.

काट्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्याचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. वायू द्रवाच्या मानाने फार कमी उष्णता पोचवतो, त्यामुळे सेन्सरभोवती वाफ किंवा हवा जमली तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. अशा वेळी हीटर लावून बघावा. इंजिन तापलेलं असून हीटरमधून गार वारा आला, तर तिथपर्यंत गरम कूलंट पोचतच नाही.

मग इंजिनजवळच्या कूलंटच्या टाकीचं झाकण. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर सुमारे 107 अंशांना उकळतं. प्रेशर कुकरप्रमाणे दाब धरून झाकण हा उकळबिंदू आणखी वर नेतं. दाब वाढला की जास्तीचं कूलंट मागच्या नंबरप्लेटजवळच्या टाकीत जातं आणि इंजिन निवलं की परत ओढलं जातं. ती टाकी तुडुंब आणि इंजिनजवळची टाकी रिकामी दिसली, तर झाकणाची झडप गेली असं समजा. गरम असताना ते उघडू मात्र नका. दाब सुटताच आतला द्रव एकदम वाफ होऊन अंगावर येतो.

हवा काढूनही पुन्हा पुन्हा भरत असेल तर प्रश्न हेडपाशी, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसणाऱ्या भागापाशी आहे. वासरबॉक्सरची हेड अ‍ॅल्युमिनियमची, सिलिंडर बिडाचे. कूलंट जुनं झालं की त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात, ग्लायकॉलपासून आम्लं बनतात आणि अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडू लागतात. कंपनीने फॉस्फेट नसलेलं कूलंट सांगितलं होतं, पण स्वस्तातलं किंवा नुसतं नळाचं पाणी ओतलेल्या गाड्या कमी नाहीत. या इंजिनात पाण्यासाठी वेगळं रबरी गॅस्केट आणि जळत्या वायूसाठी सिलिंडरवर वेगळी धातूची कडी असते. खड्डे बहुधा रबराच्या कडेला पडतात, आणि मग कूलंट बाहेर पाझरतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर शोधत बसण्यापेक्षा गाडीखाली सरपटत जाऊन, टॉर्च मारून हेडच्या सांध्यावर सुकलेले डाग बघावेत.

धातूची कडी गळत असेल तर मात्र जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतो. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर ते त्याचंच लक्षण. खात्रीसाठी इंजिनजवळच्या टाकीच्या तोंडावर एक नळी बसवतात, तिच्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचा निळा द्रव असतो. टाकीतली हवा त्यातून खेचायची. तिच्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. कूलंटच वर ओढलं जाऊ नये म्हणून टाकीची पातळी आधी थोडी खाली आणावी. गरम इंजिनावरही निळा निळाच राहिला, तर हेड उघडण्याआधी नवं झाकण घालून बघा.