विजेची प्लेट का तडकते?

परभणी जिल्ह्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या मुलीने चुलीच्या अंगाला काडेपेटीएवढी पांढरी प्लेट लावून, पलीकडून पाण्याचा डबा टेकवून एलईडी दिवा पेटवून दाखवला होता. नंतर हीच प्लेट तिच्या घरच्या चुलीला बसवली, आणि तीन आठवड्यांत दिवा लागेनासा झाला. ‘प्लेट जळाली’ असा निकाल सर्वांनी दिला. मला तो पटला नाही, कारण थंड असताना प्लेटमधला वीजमार्ग जुळत होता आणि तापवताच तुटत होता.

अशा प्लेटमध्ये बिस्मथ टेल्युराइडचे बारीक खांब तांब्याच्या पट्ट्यांनी जोडून दोन सिरॅमिक पाट्यांमध्ये बसवलेले असतात. एक पाटी गरम आणि दुसरी थंड राहिली की विद्युतदाब निर्माण होतो. झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधलेल्या परिणामाचाच हा उपयोग आहे. (तापलेल्या पत्र्यावर नुसती प्लेट ठेवून घरभर फुकट वीज मिळवण्याचे व्हिडिओ मे महिन्यात हमखास फिरतात. दोन्ही बाजू सारख्याच तापल्यावर वीज कोठून येणार, हे त्यांत कोणी सांगत नाही.)

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवण्याआधी लोहार ती का तापवतो, हे मराठवाड्यात समजावून सांगावे लागत नाही. मात्र उष्णतेने लोखंडाचे अणूच फुगतात, ही समजूत चुकीची आहे. दोन अणूंमधला बंध दाबायला आणि ताणायला सारखाच कठीण असता, तर अणू कितीही थरथरला तरी त्याची सरासरी जागा तीच राहिली असती आणि धाव केसभरही वाढली नसती. प्रत्यक्षात अणू जवळ रेटणे अवघड आणि दूर ओढणे सोपे असते. त्यामुळे थरथर वाढली की अणू दूरच्या बाजूला अधिक रेंगाळतो आणि सरासरी अंतर वाढते.

बंधाच्या या एकांगीपणाचा दुसरा परिणाम मला अधिक विलक्षण वाटतो. प्लेटमधल्या खांबांच्या पदार्थांत बरीचशी उष्णता अणूंच्या कंपनलहरींमधून वाहते. दोन्हीकडे सारख्याच कठीण बंधांत या लहरी एकमेकींतून आरपार गेल्या असत्या. एकांगी बंधांमुळे त्या एकमेकींना विखुरतात आणि उष्णता अडखळते. तापमानातील फरकातून वीज देणाऱ्या (तापविद्युत) पदार्थाकडून नेमके हेच हवे असते, कारण उष्णता झटकन पलीकडे पोचली तर तापमानातील फरकच उरणार नाही. लेड टेल्युराइड या अशाच दुसऱ्या तापविद्युत पदार्थामध्ये शिशाच्या अणूवरील, बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी हा एकांगीपणा वाढवते. त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतकीच असते, पण प्रसरण एका अंशाला दर दहा लाखांत सुमारे २० भाग, म्हणजे लोखंडाच्या दीडपटीहून जास्त. १० मिलिमीटरचा खांब ५०० अंशांनी तापला तर ०.१ मिलिमीटर वाढतो, आणि त्याला चिकटलेली ॲल्युमिनाची (सिरॅमिकची) पाटी त्या मानाने निम्मीही पसरत नाही. हा सगळा ताण सोल्डरच्या सांध्यावर आणि ठिसूळ खांबावर येतो. बिस्मथ टेल्युराइडची तऱ्हा आणखी वेगळी आहे: त्याचे अणू थरांत रचलेले असून थर एकमेकांना सैल धरून असतात, म्हणून थरांच्या दिशेपेक्षा थरांना लंब दिशेत ते जास्त पसरते.

सिलिकॉन-जर्मेनियम या तिसऱ्या तापविद्युत मिश्रणाचे बंध ताठ असतात आणि प्रसरण लेड टेल्युराइडच्या सुमारे पावपट. तेथे उष्णता अडवण्याचे काम हलक्या आणि जड अणूंची सरमिसळ करते. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर अवकाशयानांना प्लुटोनियमच्या उष्णतेतून वीज देणारे खांब याच मिश्रणाचे आहेत. शिवाय ते एकदा तापले ते तापलेलेच असून वर्षानुवर्षे हळूहळू निवत आहेत. त्या मुलीच्या घरची चूल मात्र दिवसातून दोनदा पेटत होती आणि दोनदा विझत होती, आणि दर वेळी प्लेटच्या सांध्यांवर तोच ताण येत होता.