शरीरगंध (बंद जागेतील)

माणसांच्या अंगाचा खोलीत साठून राहणारा नकोसा वास. तो ओळखण्यात खरी अडचण नाकाचीच आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याला सरावते. त्यामुळे ज्याच्या अंगाला वास येतो त्याला आणि बराच वेळ शेजारी बसलेल्यांनाही तो फारसा कळत नाही. बाहेरून आलेल्याला दारातच कळतो.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर असलेल्या एक्राइन ग्रंथींचा घाम म्हणजे मुख्यतः खारे पाणी. काखेतल्या व जांघेतल्या अपोक्राइन ग्रंथी वयात येताना काम करू लागतात. त्यांच्या स्रावातील गंधहीन घटकांचे कॉरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस होमिनिस यांसारखे त्वचेवरील जिवाणू विघटन करतात आणि उग्र वासाची आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात. गंधकाची संयुगे अत्यल्प असली तरी झोंबतात. पायांच्या आंबूस वासामागे आयसोव्हॅलेरिक आम्ल असते. एबीसीसी११ या जनुकाच्या एका प्रकारामुळे पूर्व आशियातील बहुतेकांच्या काखेला फारसा वास येत नाही. त्यांच्या कानातला मळही कोरडा असतो. तेव्हा वास म्हणजे अस्वच्छता हा सरसकट निष्कर्ष चुकीचा. कपड्यांचाही यात वाटा असतो: व्यायामानंतर पॉलिएस्टरचा सदरा सुतीपेक्षा जास्त घाण वास मारतो.

खोलीतला वास मोजायचा कसा, याचे उत्तर म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये आडवाटेने दिले. श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला वास नसतो, पण माणसांच्या वावराबरोबर तो अंगाच्या वासासारखाच वाढत जातो. म्हणून हवेत त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यावर जाऊ नये, असे त्यांनी सुचवले. पुढे १९३६ मध्ये हार्वर्डमध्ये सी. पी. याग्लू यांनी स्वच्छ हवेतून आत आलेल्या परीक्षकांकडूनच खोलीच्या वासाची प्रतवारी करून घेतली. माणसागणिक जागा जितकी कमी, तितकी प्रत्येकासाठी ताजी हवा जास्त लागते, असे त्यात आढळले. डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९८८ मध्ये ‘ओल्फ’ हे एकक मांडले: बैठे काम करणाऱ्या एका सर्वसाधारण प्रौढ माणसाचे हवेतील प्रदूषण म्हणजे एक ओल्फ. हा माणूस दिवसाला ०.७ वेळा आंघोळ करतो, असेही व्याख्येत गृहीत धरले आहे!

उपायांत वायुवीजन पहिले. सुगंधी फवाऱ्याने मूळ वास जात नाही, त्यात आणखी एकाची भर पडते. नेहमीचा वास अचानक बदलला तर मात्र वैद्यकीय कारण शोधावे लागते. मधुमेहातील कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्ले साठण्याच्या गंभीर अवस्थेत, श्वासाला फळांसारखा वास येतो. ट्रायमिथिलअमिन्युरिया या चयापचयाच्या दुर्मीळ विकारात अंगाला माशांसारखा.

याच्या उलटही घडते. वास नसताना किंवा नगण्य असताना आपल्या अंगाला दुर्गंधी येते असे काहींना ठामपणे वाटते. कोणी खिडकी उघडली, नाक चोळले, तरी ते आपल्यामुळेच, असा अर्थ ते लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात या मानसिक विकाराची स्वतंत्र नोंद आहे. ‘वास येत नाही’ एवढ्या सांगण्याने अशा व्यक्तीचे समाधान सहसा होत नाही.