पार्श्वभूमी : ‘डॉक्टर हू’चे लेखक नेमके कोण?

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची काळप्रवासावरची विज्ञानकथा मालिका. तिच्या श्रेयाचा वाद समजायला थोडं मागे जावं लागतं. 1938 मध्ये बीबीसीने टीव्हीवर कारेल चापेक यांच्या यंत्रमानवांवरच्या नाटकाचं छोटं रूपांतर दाखवलं. पण लेखकांच्या श्रेयाचा गुंता खऱ्या अर्थाने सुरू झाला 1953च्या ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’पासून. नायजेल नील तेव्हा बीबीसीचे पगारी लेखक होते. 1955 मध्ये त्यांच्या मालिकेवर चित्रपट आला, त्या विक्रीतून त्यांना छदामही मिळाला नाही. बीबीसीने 1967 मध्ये 3,000 पाउंड दिले, तेही हक्काचे म्हणून नव्हे, तर खुशीने. नील यांचं नाव तरी टिकलं.

1961च्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’त कल्पना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांची आणि पटकथेची मेहनत जॉन एलियट यांची. श्रेयनामावलीत दोघंही आहेत. आठवणीत उरले हॉईल. (आपल्याकडे तर ते जयंत नारळीकरांचे गुरू म्हणूनच माहीत. ही मालिका चालू होती तेव्हा नारळीकर केंब्रिजला त्यांच्याच हाताखाली संशोधन करत होते.)

‘डॉक्टर हू’ची गोष्ट याहून किचकट. 1962 मध्ये बीबीसीच्या पटकथा विभागातल्या मंडळींनी टीव्हीला चालतील अशा विज्ञानकथांवर दोन अहवाल दिले. 1963च्या वसंतात पगारी लेखक सी. ई. वेबर यांनी मालिकेची रूपरेषा लिहून काढली. वरिष्ठांनी ती बरीच खोडली. वेबर यांची ‘द जायंट्स’ ही पहिली कथाही बाद झाली आणि सुरुवातीचं काम अँथनी कोबर्न यांच्याकडे गेलं. वेबर यांच्या मसुद्यातला बराच मजकूर पहिल्या भागात राहिला. बीबीसीच्या अंतर्गत कागदांत ते सहलेखक आहेत. 23 नोव्हेंबर 1963 ला पडद्यावर नाव आलं फक्त कोबर्न यांचं. या निर्णयाचं समर्थन करणारे म्हणतात, रूपरेषा म्हणजे पटकथा नव्हे. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण मालिकेचं श्रेय नाटक विभागाच्या प्रमुखांना देताना हाच काटेकोरपणा कुठे जातो? त्यांनी तर एकही भाग लिहिला नव्हता.

पुढच्याच कथेत डालेक (यंत्रकवचातले खलनायक) आले, आणि तिथे करारानेच सगळं ठरवलं. टेरी नेशन बाहेरचे लेखक होते, त्यामुळे डालेकच्या हक्कांत त्यांचा वाटा राहिला. 1964-65 मध्ये खेळण्यांची लाट आली तेव्हा ते श्रीमंत झाले. डालेकला रूप देणारे रेमंड क्युसिक नोकरीत होते. त्यांच्या वाट्याला आलं सुमारे 100 पाउंडांचं बक्षीस. 2004 मध्ये मालिका पुन्हा उभी राहत होती, तेव्हाही नेशन यांच्या वारसांशी बोलणी फिसकटली आणि डालेकशिवायच काम भागवावं लागेल असं वाटू लागलं. मग तडजोड झाली. 2013 मध्ये कोबर्न यांच्या वारसानेही टार्डिसच्या, म्हणजे मालिकेतल्या कालयानाच्या, कल्पनेवर हक्क सांगितला.

या सगळ्यात डेव्हिड व्हिटेकर यांचा उल्लेख ओझरता होतो, हे खटकतं. पहिले कथा-संपादक ते. वेबर-कोबर्न-नेशन यांच्या मसुद्यांचा सांधा त्यांनीच जुळवला. 1965 पासून एका साप्ताहिकात डालेकची चित्रकथा येत असे. तिचं बरंचसं लेखन व्हिटेकर यांचं, पण अनेक वर्षं ती नेशन यांचीच समजली जात होती.